एकाच मोटरचा रेझिस्टन्स तीन वेळा मोजला, तीन वेगळे आकडे आले, कुठला खरा धरायचा?

आगरवाला_केळशी

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

आमचं घर केळशीत, मागे उतारावर नारळ-सुपारीचं आगर आणि विहीर आगराच्या पार खालच्या टोकाला, खाडीच्या बाजूला. घरातल्या बोर्डापासून विहिरीवरच्या पंपापर्यंत वायर टेपने मोजली, १०५ मीटर भरली. वायर बाबांच्या वेळची, तांब्याची दोन कोअर, १ एमएम (म्हणजे चौरस मिलिमीटर). पंप १ एचपी मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्रच), सिंगल फेज, प्लेटवर ०.७५ किलोवॅट लिहिलंय. त्रास असा की संध्याकाळी शिंपायला पंप लावला की तो नुसता गुणगुणतो, उठतच नाही, मग बंद करायचा, पाच मिनिटं थांबायचं, परत लावायचा, कधी तिसऱ्या खेपेला उठतो कधी नाही. सकाळी बहुतेक वेळा उठतो. फेब्रुवारीपासून हेच चाललंय आणि पोफळी पिवळ्या पडायला लागल्या म्हणून शेवटी दापोलीला जाऊन एक क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) घेतला, म्हटलं आपणच बघू काय ते.

आता गंमत बघा. पंप चालू असताना पंपाच्या टर्मिनलवर १८४ व्होल्ट आणि करंट ७.८ अँपिअर. शाळेत शिकलो तसं भागलं, १८४ ÷ ७.८ = २३.६ ओहम. मग मेन बंद करून, पंपाची वायर सोडवून, मीटर ओहमवर ठेवून वाईंडिंग मोजलं तर फक्त ३.४ ओहम! (मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी ०.३ दाखवतो, ते वजा करून.) आणि संध्याकाळी पंप न उठता गुणगुणत राहिला तेव्हा पटकन बघितलं तर १२५ व्होल्ट आणि १८ अँपिअर, म्हणजे ६.९ ओहम. मोटर तीच, मीटर तोच, माणूस पण तोच.

आणि ३.४ जर खरा असेल तर १८४ व्होल्टवर ५४ अँपिअर जायला पाहिजेत, मोटर तर कधीच जळून खाक व्हायला हवी होती ना?

दुसरं म्हणजे १८४ गुणिले ७.८ केलं तर १४३५ वॅट येतात. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट असं सगळीकडे लिहिलंय. मग दुप्पट कसे? पंप चालू असताना घरातल्या बोर्डावर २१८ व्होल्ट असतात, पंप बंद केला की २२२. कोणी समजावून सांगेल का, का माझा मीटरच भंगार आहे?

मालवणी_वायरमन

मोटरीक उठाक धक्को देता तो कपॅसिटर गेलो आसतलो. बदलून टाक आणि गप शिंपणा कर. गुणगुणता म्हणजे कपॅसिटर, हयसर धापैकी आठ पंपांचा ताच आसता.

आगरवाला_केळशी

दादा कपॅसिटर मार्चमध्येच बदललाय, नवा पॅकबंद, प्लेटवर जेवढा लिहिलाय तेवढाच. काही फरक नाही. तो बदलतानाच मला वाटलं की आता अंदाजपंचे सामान आणणं बंद, मोजून बघायचं.

खारीहवा

मीटर भंगार नाही तुझा, तुझी वायर बारीक आहे. साधा हिशोब सांगतो. घरी २१८, पंपाला १८४, मधले ३४ व्होल्ट वायरीने खाल्ले. करंट ७.८. म्हणजे वायरीचा रेझिस्टन्स ३४ ÷ ७.८ = ४.३६ ओहम. आता १ एमएम तांब्याच्या लवचिक वायरीला किलोमीटरला साधारण १९.५ ओहम धरतात, तुझी वायर जायची १०५ आणि यायची १०५ अशी २१० मीटर (लोक यायची वायर विसरतात!!), म्हणजे ४.१ ओहम. उन्हात वायर तापली की थोडा वाढतो. म्हणजे बरोबर जमलं, वायर ठणठणीत आहे, फक्त एवढ्या लांबीला एवढ्या मोटरला बारीक पडते. ४ एमएम टाक, विषय संपला. तोपर्यंत घरात स्टॅबिलायझर लावून बघ.

मालवणी_वायरमन

स्टॅबिलायझर नको रे बाबा. घराकडे व्होल्टेज चढवलास तरी वायर तीच, ती आणखी तापतली. आणि मोटर उठताना करंट येवढो मारता की हलको स्टॅबिलायझर आधी रडता. पैसे फुकट.

चिपळूणचे_काका

आगरवाले, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. मी तीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं, पण एकाही पोराने मला येऊन "सर रेझिस्टन्स तीन आले" असं विचारलं नाही, कारण कोणी मोजलाच नाही, पेपरात दिलेले आकडे भागले आणि मोकळे झाले. तुमचे तिन्ही आकडे बरोबर आहेत. फक्त तिन्ही एकाच गोष्टीचे नाहीत.

३.४ ओहम हा वाईंडिंगच्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स. मीटर आतल्या सेलचा थोडासा डीसी करंट सोडतो, त्याला नुसती तार दिसते, मोटर दिसतच नाही. घरातली लाईट म्हणजे एसी, सेकंदाला ५० फेऱ्या, आणि लोखंडावर गुंडाळलेल्या तारेला एसी लावला की तार स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करून करंटला अडवते. त्यात मोटर फिरायला लागली की हे उलटं व्होल्टेज चांगलंच वाढतं. तुमच्या १८४ व्होल्टमधला बराचसा भाग त्याच्याशी झुंजण्यात जातो, म्हणून ५४ अँपिअर न जाता ७.८ च जातात. १८४ ÷ ७.८ करून जे २३.६ येतं त्याला इम्पिडन्स म्हणायचं, एकक ओहमच, पण तो निव्वळ रेझिस्टन्स नाही. आणि मोटर अडकून उभी असेल तेव्हा फिरण्यामुळे येणारं उलटं व्होल्टेज नसतं, म्हणून इम्पिडन्स घसरून ६.९ वर येतो आणि करंट १८ वर चढतो. तुम्ही नकळत मोटरचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा मोजलात.

आता ३.४ कशासाठी ठेवायचा ते सांगतो. उष्णता काढायला. तार तापते ती करंटचा वर्ग गुणिले तारेचा रेझिस्टन्स, हा जूलचा नियम, त्याला तिथे इम्पिडन्स चालत नाही. पंप नीट चालताना ७.८ × ७.८ × ३.४ = सुमारे २०७ वॅट, तेवढं वारा आणि लोखंडी बॉडी झेलते. गुणगुणत उभा असताना १८ × १८ × ३.४ = ११०० वॅट! म्हणजे वाईंडिंगच्या पोटात एक अख्खी इस्त्री चालू, आणि पंखा फिरत नाही. पाच मिनिटं थांबून परत लावता हे चांगलं करता, पण गुणगुणताना दोन-तीन सेकंदाच्या वर एकदाही ठेवू नका. मीटर वाचायला तुम्ही किती वेळ ठेवला होतात हे मी विचारत नाही.

पॉवरचं दुसरं कोडं. प्लेटवरचा १ एचपी, ७४६ वॅट, हा मोटर शाफ्टवर किती देते त्याचा आकडा. आत घेते त्यापेक्षा जास्त, कारण काही तांब्यात काही लोखंडात काही बेअरिंगमध्ये जातं. आणि तुम्ही जो गुणाकार केलात तो १४३५ खरे वॅट नाहीतच, त्याला व्होल्ट-अँपिअर म्हणायचं. मोटरमध्ये करंट व्होल्टेजच्या जरा मागून चालतो, त्यामुळे गुणाकारातला काही भाग नुसता आत-बाहेर करतो, काम करत नाही. खरे वॅट काढायला त्याला पॉवर फॅक्टरने गुणायचं. बल्ब, हीटर, इस्त्री यांचा पॉवर फॅक्टर १, तिथे व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, सरळ मामला. मोटरला नाही.

खरे वॅट मोजायचे असतील तर दुसरं यंत्र नको, ते तुमच्या पडवीतच टांगलेलं आहे. लाईटच्या मीटरवर लाल दिवा लुकलुकतो ना, त्याच्या बाजूला ३२०० इम्प असं काहीतरी लिहिलेलं असेल, म्हणजे एका युनिटला ३२०० लुकलुका. घरातलं फ्रिज पंखे सगळं बंद करा, फक्त पंप चालू, आणि एक मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. ३२०० वाला मीटर असेल तर मिनिटातली एक लुकलुक म्हणजे १८.७५ वॅट.

आता खारीहवा यांच्याशी थोडा वाद. २१८ वजा १८४ बरोबर ३४, आणि ३४ भागिले ७.८, हे मोटर लावलेली असताना करायचं नाही. वायरीतलं व्होल्टेज आणि मोटरचं व्होल्टेज एका तालात नसतात, तेव्हा दोन्हीची सरळ बेरीज-वजाबाकी होत नाही. वायर खरं तर ३४ पेक्षा जास्त खात असणार आणि तुमचा ४.३६ कमी आलाय. वायर खरंच ठणठणीत आहे का हे बघायचं असेल तर पंपाच्या जागी हीटर लावा. बादलीत टाकायचा पाणी तापवायचा रॉड आहे का घरात? तो विहिरीपाशी पंपाच्या पॉइंटला लावायचा, प्लास्टिकच्या बादलीत पाणी भरून, पाण्यात हात घालायचा नाही आणि बादली कोरड्या फळीवर. दोन्ही टोकांचं व्होल्टेज एकाच वेळी वाचा. आणि ईएलसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवा मग हे उद्योग करा, विहिरीवर ओली जमीन आणि अनवाणी पाय, मी सांगायला नको.

बारावी_वेंगुर्ला

काका मध्येच विचारते, राग मानू नका. आमच्या पुस्तकात पॉवरची तीन सूत्रं आहेत, व्होल्टेज गुणिले करंट, करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, आणि व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स. दुसऱ्यात रेझिस्टन्स वाढला की पॉवर वाढते, तिसऱ्यात कमी होते. दोन्ही बरोबर कशी??? आणि घरी जुना १०० वॅटचा बल्ब होता तो मीटरवर मोजला तर ४० ओहम आला. तिसऱ्या सूत्राने २३० चा वर्ग भागिले १०० केलं तर ५२९ यायला हवा. मी पण काहीतरी चुकतेय का?

चिपळूणचे_काका

राग कसला, तू पण मोजलंस! बल्ब थंड असताना मोजलास. पेटला की आतली टंगस्टनची तार अडीच हजार अंशाच्या आसपास जाते आणि रेझिस्टन्स दहा-पंधरा पट होतो. दोन्ही आकडे खरे, ४० थंडीचा आणि ५२९ पेटल्यावरचा. बल्ब नेहमी लावता क्षणी उडतो तो यामुळेच, पहिल्या झटक्याला ४० ओहमच समोर असतो.

सूत्रांचं म्हणजे, काय कायम आहे ते आधी बघायचं. घरात दोन रॉड वेगवेगळ्या प्लगला लावले तर दोघांना व्होल्टेज सारखंच मिळतं, तिथे कमी ओहमचा रॉड जास्त तापतो, तिसरं सूत्र. पण आगरवाल्यांची वायर आणि पंप एकामागे एक आहेत, दोघांतून करंट तोच जातो, तिथे ज्याचा ओहम जास्त तो जास्त तापतो, दुसरं सूत्र. सूत्र एकच आहे गं, करंटच्या जागी व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स घाल, दुसऱ्याचं तिसरं होतं. वहीत करून बघ.

खारीहवा

काका मान्य, मोटरवर वजाबाकी केली ती चूकच. पण तुम्ही म्हणता वायर जास्त खात असणार, किती जास्त? दोन-चार व्होल्टसाठी बिचाऱ्याला बादली घेऊन आगरात कशाला पाठवताय.

चिपळूणचे_काका

गेल्याशिवाय कसं कळणार किती ते.

आगरवाला_केळशी

आज सकाळी केलं सगळं. ईएलसीबी आहे, ३० मिलिअँपिअरचा, टेस्टचं बटण दाबून बघितलं, पडतो. रॉड १५०० वॅटचा. मीटर एकच म्हणून शेजाऱ्यांकडचा दुसरा मल्टीमीटर आणला, बायको घरी बोर्डाजवळ, मी विहिरीवर, आणि विहिरीवर मोबाईलला रेंज नाही म्हणून धाकट्या भावाला मधे गडग्यावर उभा केला, ती आकडा ओरडणार, तो पुढे ओरडणार. शेजारच्या आगरातली म्हातारी विचारायला आली कोण पडलं विहिरीत म्हणून.

आकडे: रॉड लावायच्या आधी घरी २२५. रॉड चालू झाल्यावर घरी २२२, विहिरीवर १९४.५, करंट ५.५.

भागून बघितलं. रॉडचा १९४.५ ÷ ५.५ = ३५.४ ओहम. २३० चा वर्ग भागिले १५०० केलं तर ३५.३. मी खरंच उडी मारली काका. आणि रॉड नुसता मीटरवर मोजला तरी ३५ च्या आसपासच दाखवतो, बल्बसारखं काही नाही.

आता वायर, २२२ वजा १९४.५ = २७.५, भागिले ५.५ = बरोब्बर ५ ओहम.

म्हणजे ४.३६ नाही, ५. खारीहवा दादांच्या हिशोबाने ४.१ यायला हवा. बाकीचा कुठे गेला?

आणि लुकलुक पण मोजली, मीटरवर ३२०० च लिहिलंय. पंप चालू असताना मिनिटाला ८१. म्हणजे १५१९ वॅट. आणि १५०० चा रॉड विहिरीवर १९४.५ × ५.५ = १०७० वॅटच देतोय, हे बघून तर वाईटच वाटलं.

चिपळूणचे_काका

हे झालं काम. रॉडची तार निक्रोमची असते, तापली तरी तिचा रेझिस्टन्स फारसा हलत नाही, म्हणून थंड आणि गरम सारखाच आला. १०७० चं वाईट वाटून घेऊ नका, व्होल्टेज १५ टक्के पडलं की पॉवर वर्गाने पडते, २८ टक्क्यांच्या वर गेली बघा. मोटरचं पण तसंच, उठायचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने पडतो. तुमच्या मोटरला उठताना १२५ मिळतात, २३० च्या निम्म्याहून जरा जास्त, म्हणजे जोर तीस टक्के उरला. ती उठते तेव्हा उठते याचंच नवल करा. संध्याकाळी सगळ्या गावाचे पंप एकदम लागतात, वरून दोन-चार व्होल्ट कमी आले की खेळ खलास.

आता पंपाचा हिशोब पूर्ण करतो. वायर ५ ओहम, करंट ७.८, तर वायरीतच ७.८ × ७.८ × ५ = ३०४ वॅट. १५१९ मधून ३०४ गेले, पंपाला १२१५ पोचतात. १४३५ व्होल्ट-अँपिअरपैकी १२१५, पॉवर फॅक्टर ०.८५ च्या जवळ. १२१५ घेऊन ७४६ च्या आसपास शाफ्टवर देते, एवढ्या छोट्या मोटरला ठीक आहे. म्हणजे मोटरमध्ये दोष नाही आणि तुमच्या मीटरमध्ये पण नाही.

खारीहवा

मी माझे शब्द मागे घेतो. सकाळी वायर फार तापलेली नसणार, ३० डिग्री धरले तरी ४.१ चे फार तर ४.२५ होतात. म्हणजे पाऊण ओहम जास्तीचा आहे. हा वायरभर पसरलेला नाही, हा कुठेतरी एका जागी बसलाय. ७.८ चा वर्ग म्हणजे ६१, गुणिले ०.७५, साधारण ४५ वॅट. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं!! तुझ्या वायरीत कुठेतरी दोन सोल्डरिंग आयर्न चालू आहेत. जॉइंट कुठे कुठे आहेत आठव.

मालवणी_वायरमन

ह्या आता माझ्या कामाचा. असो कर, पंप वीस मिनटा चालव, मग मेन बंद कर, मेन म्हणजे मेन, नुसतो पंपाचो स्विच नको, टेस्टरान बघ, आणि मग वायरीवरसून हात फिरवत जा. खयचो जॉइंट गरम लागता ता बघ. खारी हवा आसा तुझ्याकडे, टेपच्या आत काय झाला आसतला ता देवाक म्हायत.

आगरवाला_केळशी

सापडला.

सांगतो. २०२० ला जूनच्या ३ तारखेला निसर्ग वादळात आमचे अकरा माड पडले, त्यातला एक बरोब्बर या वायरीवर. कित्येक दिवस लाईटच नव्हती तेव्हा वायरीची कोणाला पडलीय, नंतर लाईट आली तसा एक वायरमन आला आणि त्याने तुटलेल्या जागी जे हाताला लागलं ते जोडून दिलं. त्याला बोल लावत नाही, त्या दिवसांत तो एकटा सगळ्या वाडीत फिरत होता. मी तर विसरूनच गेलो होतो, फणसाच्या फांदीत ती जागा झाकली गेली होती.

आज वायरमन दादांनी सांगितलं तसं केलं. मेन बंद, टेस्टर लावला, हात फिरवत गेलो. फणसापाशी टेपला हात लावला आणि ओढूनच घेतला, चहाच्या कपासारखा गरम. टेप वितळून काळा चिकट गोळा झालेला. चाकूने सोलला तर आत दोन मीटरचा तुकडा अ‍ॅल्युमिनियमच्या सर्व्हिस वायरचा, दोन्ही टोकांना तांब्याला नुसता पिळलेला. चार पीळ, त्यातले तीन कोमट, चौथा हा. अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी राखाडी भुकटी, तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या आणि सातआठ तारा तुटून दोनतीनच टेकलेल्या. मुंग्यांनी आत घर केलेलं, मेलेल्या मुंग्या पण निघाल्या.

दादा, हे तांबं-अ‍ॅल्युमिनियम वाईट असतं का?

मालवणी_वायरमन

वाईट म्हणजे काय, समुद्राकडे तर विचारूच नको. दोन वेगळे धातू एकमेकांक टेकले आणि मधी खारा पाणी गेला की सेल तयार होता, टॉर्चच्या सेलासारखो, आणि अ‍ॅल्युमिनियम झिजत जाता. वर त्याच्यार जी भुकटी जमता ती करंट नेत नाय. जॉइंट तापता, तापलो की ढिलो पडता, ढिलो पडलो की आणखी तापता. अ‍ॅल्युमिनियम वापरूचाच झाला तर पुरा अ‍ॅल्युमिनियम वापर आणि टोकाक बायमेटल लग (दोन धातूंची टोपी) लाव. नायतर सरळ तांब्याची नवी ओढ, मधी जॉइंट एकपण नको.

कपॅसिटराचा मी काय बोललंय ता इसरा.

खारीहवा

किती एमएमची घ्यायची ते पण बघू. २.५ ला किलोमीटरला ८ ओहमच्या आत, २१० मीटरला १.७. ४ ला किलोमीटरला ५ च्या आत, २१० ला १.०५. करंट ७ धरला तर २.५ मध्ये ८० वॅट जळणार, ४ मध्ये ५० च्या आसपास, तुझ्या आत्ताच्या ३०४ च्या समोर दोन्ही चांगल्या. पण चालू असतानाचा हिशोब करू नको, उठतानाचा कर, तुझा त्रास तोच आहे. तू मोजलेला ६.९ ओहम घे, वरून येणारी लाईन अर्धा ओहम (पंप लावला की २२२ चे २१८ होतात ना, ४ भागिले ७.८), आणि वायर. आत्ता ६.९ + ०.५ + ५, मोटरच्या वाट्याला अंदाजे २२२ चे १२४, तू १२५ मोजलेस, बघ कसं बसतंय. २.५ घातली तर १६८ च्या आसपास, ४ घातली तर १८० च्या पुढे. हा पण सरळ बेरजेचा अंदाजच हां, काका ओरडायच्या आधी सांगतो. माझं मत ४.

चिपळूणचे_काका

ओरडत नाही. उभ्या मोटरला एवढा अंदाज पुरतो. ४ च घ्या.

बारावी_वेंगुर्ला

वहीत केलं काका, खरंच दुसऱ्याचं तिसरं झालं. आणि आमच्याकडे पण पंपाच्या वायरीला तीन जॉइंट आहेत, पप्पांना सांगितलं तर म्हणाले अभ्यास कर 😐

आगरवाला_केळशी

आठवडा झाला, सांगायचं राहिलंच. ४ एमएमची आणली, गडग्याकडेने पाइपातून नेली, मधे एकही जॉइंट नाही, दोन्ही टोकांना लग दाबून घेतले. खर्च झाला तो झाला.

काल संध्याकाळी सहाला, सगळ्या गावाचे पंप चालू असताना लावला. गुणगुण नाहीच, एकदम घूं करून उठला. घरी २१९, पंपाला २१३, करंट ६.७. लुकलुक मिनिटाला ८१ ची ६५-६६ वर आली. म्हणजे पावणेतीनशे-तीनशे वॅट कमी, रोज तीन तास चालवतो तर महिन्याला पंचवीसेक युनिट मी फणसाला आणि मुंग्यांना वाटत होतो.

रॉड परत नेला विहिरीवर, आता नुसताच हौस म्हणून. ६.१ अँपिअर, १३०० वॅटच्या वर. बादली लवकर तापली.

मालवणी_वायरमन

जुनी वायर भंगारात फुकट घालव नको. २१० मीटर १ एमएम म्हणजे दोन किलोच्या जवळ तांबा आसा तेच्यात.

आगरवाला_केळशी

दादा उशीर झाला, आईने ती मागच्या पडवीत दोन खांबांना बांधून त्यावर सोलं वाळत घातलीत.